आगोटीची कामं : स्कूबाचं सामान कसं ठेवावं?

मे संपत आला की आपल्या कोकणात आगोटीची घाई सुरू होते. लाकडं आत घ्यायची, पापड-सांडगे डब्यात भरायचे, सुकी मासळी बांधून ठेवायची. आम्हां मालवणकडच्या बायकांना आणखी एक काम असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना स्कूबासाठी नेणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. ते सगळं सामान धुऊन-सुकवून ठेवायचं काम आमचा बचत गट करतो.

एका वर्षी आमची चूक झाली. पाठीवर सिलिंडर बांधायचं हवेचं जॅकेट, म्हणजे बीसीडी, आम्ही नुसतं वरून धुतलं. ऑक्टोबरमध्ये तपासताना हवा भरायचं बटण दाबलं, तर ते तसंच अडकून राहिलं. आत मीठ धरलं होतं. जॅकेट फुगतच गेलं. नशीब, हे अंगणात घडलं. पाण्याखाली घडलं असतं, तर माणूस झपाट्याने वर ओढला गेला असता. अशा वेळी श्वास रोखला गेला, तर फुप्फुसं फाटून जीवही जाऊ शकतो. म्हणून आता आम्ही ठरलेल्या क्रमानेच काम करतो.

पहिलं काम मीठ काढायचं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी सुकतं, मिठाचे खडे मागे राहतात. नुसतं पाणी ओतून ते निघत नाहीत. सामान गोड्या, कोमट पाण्यात भिजत ठेवावं लागतं. जॅकेटच्या आतही नळीतून गोडं पाणी भरायचं, थोडी हवा भरून खळखळवायचं आणि उलटं धरून सगळं पाणी काढायचं. असं दोन-तीनदा करायचं.

श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला जास्त जपायचं. सिलिंडरला जोडायच्या टोकाचं झाकण आधी कोरडं पुसून घट्ट लावायचं, मगच ते भिजवायचं. भिजत असताना तोंडाकडच्या भागावरचं बटण दाबायचं नाही. दाबलं तर पाणी नळीतून आत शिरतं आणि आतले भाग गंजतात. रेग्युलेटर आपण खोलायचा नाही. वर्षातून एकदा तो शिकलेल्या कारागिराकडे द्यायचा. पावसाळा त्यासाठी बरा, सामान तेव्हा रिकामंच असतं.

दुसरं काम सुकवायचं, पण सावलीत. कडक उन्हात रबर चिरतं. वेटसूट आधी उलटा करून सुकवायचा, मग सुलटा. घडी घालायची नाही, घडीवर तो दबून पातळ होतो. जाड हँगरवर टांगायचा. जॅकेट अर्धवट फुगवून ठेवायचं, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. नळ्या मुडपायच्या नाहीत, सैल वेटोळं करायचं. मास्क त्याच्या डबीत ठेवायचा, काळ्या रबराला टेकला तर डाग पडतात. टॉर्चमधले सेल काढून ठेवायचे. रबर मऊ राहावं म्हणून खोबरेल चोळायचं नाही, तेलाने रबर खराब होतं.

तिसरं काम सिलिंडरचं. तो पूर्ण रिकामा करायचा नाही. थोडी हवा आत ठेवून झडप बंद करायची, म्हणजे बाहेरची दमट हवा आत जात नाही. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला बांधायचा, पडला तर झडप तुटू शकते. त्यावर कोरलेली चाचणीची तारीख वहीत लिहून ठेवायची. हंगाम सुरू होताना जुनी हवा काढून ताजी भरून घ्यायची.

खोली कोरडी हवी. रॉकेल, पेट्रोल, रंग तिथे नको. उंदीर रबर कुरतडतात, म्हणून छोटं सामान झाकणाच्या डब्यात ठेवायचं. पावसाचा जोर ओसरला की महिन्यातून एकदा दार उघडून बुरशी धरली नाही ना, ते बघायचं.

आम्ही प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतो: कधी धुतली, कोणी धुतली, काय दुरुस्त करायचं. ज्या वस्तूबद्दल शंका असेल, तिला लाल फडकं बांधतो. तपासून झाल्याशिवाय ते फडकं कोणी सोडायचं नाही, मालकाने घाई केली तरी नाही. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनो, तुमच्या गटाला असं काम मिळालं, तर ही लाल फडक्याची अट पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.