किरणोपचार आणि त्वचेची निगा

 किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाने, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लालसर होणारी कातडी उपचार संपल्यावरही आठ-पंधरा दिवस अधिक हुळहुळू शकते हे ध्यानी ठेवून, ती जागा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी आणि पंच्याने न घासता हलकेच टिपावी. उपचारासाठी शाईने आखलेल्या खुणा मात्र पुसू नयेत. हळद, बाम, शेक हे मायेपोटी केले जाणारे उपचार कटाक्षाने वर्ज्य. जुन्या लुगड्याचे मऊ सुती कापड अंगाला उत्तम, पण काठ रुतता कामा नये. कातडी सोलून पाणी सुटल्यास डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे. बरे झाल्यावरही वैशाखातले ऊन त्या जागेवर पडू देऊ नये.