खुडूक कोंबडी : बसवायची की उठवायची?



उसाचं बिल येतं तेव्हा येतं; पण मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या-पेन्सिली बऱ्याच घरांत अंड्यांच्या पैशावर निघतात. हा हिशेब घरातल्या बाईच्या हातचा. तो बिघडतो कोंबडी खुडूक झाली की. म्हणून या वेळी आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

दहा-पंधरा अंडी घातली की गावठी कोंबडी खुडूक होते. जागची उठत नाही, पिसं फुलवते, हात लावला तर चोच मारते. हा रोग नव्हे, हट्टही नव्हे. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. त्यानं अंडी घालणं थांबतं नि उबवण्याची ओढ लागते. अंधारी, उबदार जागा आणि न उचललेली अंडी ही ओढ वाढवतात. बुटक्या बँटम कोंबड्यांत तर हा गुण फार.

आमचं सांगणं एवढंच, की पहिल्या दोन दिवसांत निर्णय घ्या. बसवायची असेल तर नीट बसवा, नसेल तर लगेच उठवा. नुसतीच राहू दिली तर ती रिकाम्या जागेवर आठवडेच्या आठवडे बसते. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, आणि कोंबडी वाळते ती वेगळीच.

बसवायची असेल तर अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, कळपात कोंबडा असतानाची घ्या. गावठी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत; बुटकी असेल तर तिच्या पंखाखाली झाकतील तेवढीच. आम्ही एकदा हावेनं लहानशा कोंबडीखाली पंधरा घातली. कडेची गार पडली, सहाच पिल्लं निघाली. अंड्यांवर पेन्सिलीची रेघ मारा, म्हणजे दुसरीनं मागून घातलेलं अंडं ओळखून काढता येतं. कोंबडी रात्री बसवावी. दाणा-पाणी जवळ ठेवा, आणि दिवसातून एकदा ती उठते की नाही ते पाहा. सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं चांगलं. नितळ दिसलं तर काढून टाका. शेवटचे तीन दिवस हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पहिल्या आठवड्यातच मानमोडीच्या लसीसाठी गुरांच्या दवाखान्यात चौकशी करा.

उठवायची असेल तर काय करावं? नाकात पीस घालणं, पाण्यात बुचकळणं, उपाशी ठेवणं हे प्रकार गावोगाव चालतात. ते करू नयेत. जिवाचे हाल होतात, आणि त्यापेक्षा सोपी वाट आहे. खाली जाळी असलेला पिंजरा किंवा फटी असलेलं खोकं विटांवर उंच ठेवा. आत गवत-भुसा काही नको. उजेडाच्या पण सावलीच्या जागी, दाणा-पाणी देऊन कोंबडी त्यात ठेवा. खालून वारा लागला की पोटाची ऊब मोडते. तीन-चार दिवसांनी सोडून पाहा. पुन्हा जागेवर जाऊन बसली तर आणखी दोन दिवस ठेवा. साधारण दोन-तीन आठवड्यांत ती परत अंड्यावर येते.

शेवटची गोष्ट आपल्या ऊसवाल्यांची. कोंबडी अचानक दिसेनाशी झाली तर आधी उसाच्या पाचटात शोधा. चोरून अंडी घालून ती तिथंच बसते, आणि मुंगूस नाहीतर रानमांजर तिला अंड्यांसकट संपवतं. म्हणून खुराड्यात कोरड्या जागा करून द्या आणि अंडी रोजच्या रोज उचला.

कोंबडी लहान, पण तिचा पैसा रोजचा. तो हिशेब सांभाळणाऱ्या घरातल्या माउलीला हा लेख जरूर वाचून दाखवा, आणि तिचं काही वेगळं मत असेल तर तेही ऐका.