पोटाच्या अस्तराचा दाह

पोटदुखीइतकी घरोघरची तक्रार दुसरी क्वचितच असेल. ओवा चावावा, शेक घ्यावा आणि एवढ्यानें न भागल्यास एरंडेल प्यावें, हा तिचा जुना उपचार. बहुतेक दुखणीं तेवढ्यानें थांबतात. परंतु एका विकारांत तेंच एरंडेल जिवावर बेततें. तो विकार म्हणजे पर्युदरशोथ.

पर्युदर हें पोटाचें पातळ, गुळगुळीत अस्तर होय. पोटाच्या भिंतीस तें आंतून चिकटलेलें असून जठर, यकृत व आंतडीं यांवरहि पसरलेलें असतें. तें उलगडल्यास अंगावरील कातडीच्या जवळजवळ बरोबरीचें भरेल. आंतड्यांतील असंख्य जंतू नळीच्या आंत आहेत तोंवर निरुपद्रवी असतात. नळीस भोक पडलें कीं, ते या विस्तीर्ण पडद्यावर पसरतात.

असें भोक पडण्याचें सर्वांत परिचित कारण म्हणजे सुजलेलें आंत्रपुच्छ फुटणें. जठरांतील व्रण फुटणें, विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आंतड्यास छिद्र पडणें, पोटास जबर मार लागणें, हीं इतर कारणें. प्रसूतीनंतरचा जंतुदोष व क्षय हे मात्र भोकावांचूनहि अस्तरास गांठतात.

शरीर स्वस्थ बसत नाहीं. वपा नांवाचा चरबीचा पदर सुजलेल्या जागेस लपेटून विकार तेथेंच कोंडूं पाहतो. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या आंत्रपुच्छाजवळ असाच पू कोंडला होता. सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनीं २४ जून १९०२ रोजीं, नियोजित राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधीं, तो शस्त्रक्रियेनें काढला. ९ ऑगस्टला राज्याभिषेक पार पडला. अमेरिकेंतील जादूगार हूडिनी यांचें आंत्रपुच्छ मात्र फुटलेलें होतें. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजीं पर्युदरशोथानें त्यांचा अंत झाला. जुलाबानें आंतडीं जोरानें हलूं लागतात आणि सुजलेलें आंत्रपुच्छ फुटण्याचें भय वाढतें, तें यामुळेंच घातक.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मुरडा आलेला रोगी तळमळून लोळतो; पर्युदरशोथाचा रोगी गुडघे पोटाशीं घेऊन निश्चल पडतो. त्याला खोकणेंहि सोसत नाहीं व पोट फळीसारखें ताठ लागतें. आंत्रपुच्छ फुटतांच कळ क्षणभर ओसरूं शकते. तो गुण आला असें समजूं नये. आज जंतुनाशक औषधें प्रभावी आहेत. तथापि फुटलेल्या आंतड्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. तोंवर अन्न व जुलाब न देतां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत पोंचविणें, हेंच घरच्या मंडळींचें कर्तव्य.