शिरच्छेदोत्तर संज्ञा

शिर धडावेगळे झाल्यावर त्यात काही क्षण उरू शकणारी जाणीव. पुरंदरच्या वेढ्यात (१६६५) मुरारबाजी देशपांडे यांचे धड शिर तुटल्यावरही लढत राहिले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात रूढ आहे. सभासद बखरीत मात्र ते दिलेरखानाच्या बाणाने पडल्याचे म्हटले आहे. मेरुरज्जूतील प्रतिक्षेपी क्रियांमुळे धड क्षणभर हालू शकते (कोंबडीच्या बाबतीत हे सर्वपरिचित आहे). पण हेतुपूर्वक शस्त्र चालविणे त्यास अशक्य. संज्ञेचा प्रश्न शिरापुरताच उरतो.

मान तुटताच मेंदूतील रक्तदाब कोसळतो आणि ऑक्सिजनाचा साठा मेंदूत जवळजवळ नसतोच. अमेरिकेत निरोगी तरुणांच्या मानेभोवतालचा पट्टा फुगवून मेंदूचा रक्तपुरवठा थांबविला असता ते ५ ते १० सेकंदांत बेशुद्ध झाले (१९४३). नेदर्लंड्समधील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या विद्युत् आलेखांवरून ही मर्यादा सु. ४ सेकंद ठरविली (२०११).

फ्रान्समध्ये १९०५ साली गिलोटिनखाली तुटलेल्या एका शिराने हाकेसरशी दोनदा पापण्या उघडून आपल्याकडे पाहिले, असे डॉ. बोरिए यांनी नोंदविले. त्यांनी सांगितलेला २५ ते ३० सेकंदांचा अवधी वरील मर्यादेत बसत नाही, शिवाय निरीक्षक एकच. त्यामुळे त्या हालचाली संज्ञेचा पुरावा मानणे कठीण आहे.