छतावरचा बर्फ भूकंपाच्या हिशेबात का धरतात?

बर्फाचा भार सरळ खाली येतो आणि भूकंप इमारतीला मुख्यतः आडवी हलवतो. तेव्हा या दोहोंचा संबंध काय, असा समज सर्रास आढळतो. पण जमीन हादरली की इमारतीवर येणारा आडवा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले प्रवेग. छताला धरून बसलेला बर्फ हे वस्तुमानच आहे, तेही सर्वांत वर, जिथून भिंती आणि खांब जास्तीत जास्त वाकवले जातात. हिमाचलातल्या घराचे १०० चौरस मीटरचे पत्र्याचे छत घ्या. लाकडी कैच्यांसह त्याचे वजन ५ टन धरू. दबून घट्ट झालेल्या बर्फाची घनता घनमीटरला ३०० किलो मानली, तर मीटरभर थराचे ३० टन होतात. म्हणजे हलक्या छतामुळे भूकंपात मिळणारा फायदा ऐन हिवाळ्यात उरत नाही.

मग सगळे ३० टन का धरत नाहीत? आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीनुसार बर्फाचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलोंच्या वर असेल, तर त्याचा २० टक्के भाग भूकंपीय वजनात, म्हणजे भूकंपाचा जोर काढताना धरायच्या वजनात, मिळवायचा. उरलेले ८० टक्के सोडणे ही हलगर्जी नव्हे. आराखड्यासाठी धरलेला बर्फभार क्वचितच येणारा असतो. त्याच दिवशी मोठा भूकंपही होण्याची शक्यता फारच कमी. छताने पूर्ण बर्फ पेलावा ही तपासणी तर वेगळी होतेच. बर्फ किती काळ टिकतो यावर हे प्रमाण ठरते. जपानच्या अतिहिमवृष्टीच्या प्रदेशांत ते ३५ टक्के आहे. युरोकोड या युरोपीय बांधकाम मानकांमध्ये साधारणपणे १००० मीटर उंचीच्या वर २० टक्के आणि त्याखाली शून्य. शिवाय २० टक्के म्हणजे किरकोळ नव्हे. आपल्या उदाहरणात ते ६ टन होतात, छताच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. तेच ६ टन १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबवर आले, तर त्याच्या सुमारे ३७ टनांत जेमतेम सहाव्या हिश्श्याची भर पडते.

उतरत्या छतावरून बर्फ घसरतोच, हा शेवटचा आक्षेप. गोठून चिकटलेला थर मात्र जागचा हलत नाही. ३० अंशांपुढच्या उताराची सूट आयएस ८७५च्या चौथ्या भागात बर्फभार काढतानाच दिलेली आहे. तीच पुन्हा घेणे म्हणजे एकच वजावट दोनदा करणे. डोंगरात घर बांधणाऱ्याने अभियंत्याला थेट विचारावे: भूकंपीय वजनात बर्फ किती धरला?