आजाऱ्याला सोबत द्या, सर्दी-खोकला देऊ नका



नोव्हेंबर सरत आला की आपल्या वस्त्यांत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याची तयारी आणि घरोघरी खोकला. दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे, कुठेही जा, रात्री दहानंतर गल्लीतून चालताना दर दोन घरांमागे एकाला खोकल्याची उबळ आलेली ऐकू येते. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर रस्त्यावरची वाहतूक. हिवाळ्यात हवा जड होऊन खाली बसते, वारा पडतो आणि धूळ-धूर वर न जाता आपल्या नाकातोंडाशी राहतो. त्यात दारे-खिडक्या बंद करून पाच-सहा माणसे एका खोलीत झोपतात. सर्दीच्या विषाणूला आणखी काय हवे?

धडधाकट माणसाची सर्दी आठवड्यात जाते. पण ज्या घरात कुणाची केमोथेरपी चालू आहे, कुणी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाते, कुणाला हृदयविकार, दमा, जुना मधुमेह, एचआयव्ही किंवा टीबी आहे, त्या घरात हीच सर्दी छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकते. सहा महिन्यांच्या आतले बाळ, गरोदर बाई आणि साठीच्या पुढची माणसे यांनाही हा धोका जास्त असतो. पुष्कळदा असा रुग्ण मूळ आजाराशी नीट झुंजत असतो आणि मध्येच झालेला संसर्ग त्याला पाडतो. तो संसर्ग बाहेरून कुणी वैरी आणत नाही, प्रेमाने भेटायला येणारी आपलीच माणसे आणतात. म्हणून या महिन्यात सांगायचे ते एवढेच : आजाऱ्याच्या खोलीत माणसे कमी असू द्या आणि खोलीबाहेर मदतीचे हात जास्त असू द्या.

बुद्धांनी सांगितलेली शुश्रूषा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना बोलावून समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत, एकमेकांना तुम्ही पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण प्रवचनात ऐकतो. पण त्याच्या पुढचा भाग फार थोड्यांना माहीत असतो. चांगला शुश्रूषक कसा असावा, याचे पाच गुण तिथे दिले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. रुग्णाला काय हिताचे आणि काय अपायाचे हे कळावे, आणि त्याने अपायाचे दूर ठेवून हिताचे जवळ आणावे. सेवा लोभाने नाही, मैत्रीभावाने करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस करू नये. आणि योग्य वेळी धम्माचे चार शब्द बोलून रुग्णाचे मन उभारावे.

परिचारिकेच्या शिक्षणात मला जे शिकवले ते सगळे या पाच गुणांत बसते. आपल्या वस्तीत मैत्री पुष्कळ आहे आणि किळस करणारेही थोडे. आपण कमी पडतो ते दुसऱ्या गुणात, अपायाचे दूर ठेवण्यात.

भेटायला जाण्याची रीत

कुणाला मोठा आजार निघाला की सगळी गल्ली बघायला जाते. हे आपले मोठेपण आहे, ते सोडू नका. रीत मात्र थोडी बदला.

स्वतःला किंवा घरातल्या मुलाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असतील तर जाऊ नका. फोन करा. व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवले तरी आजाऱ्याला बरे वाटते. जाणार असाल तर आधी विचारून जा. एका वेळी दोनच माणसे, पंधरा मिनिटे. आत गेल्यावर पहिले काम साबणाने हात धुण्याचे. रुग्णाच्या अंथरुणावर बसू नका. शाळेत जाणारी लहान मुले बरोबर नेऊ नका. मास्क लावलात तर रुग्णाचा अपमान होत नाही, काळजी दिसते. आणि घरच्यांनी "आज नको, परवा या" म्हटले तर राग धरू नका.

केमोथेरपी घेणाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. खारघर किंवा परळच्या टाटा रुग्णालयातून आलेल्या माणसाला आपण पहिल्याच आठवड्यात बघायला गर्दी करतो, म्हणजे नेमक्या वाईट वेळी. त्याच्यासाठी कापून ठेवलेली फळे, रस्त्यावरचा रस, शिळे अन्न नेऊ नका. साल काढून खाता येईल असे केळे, संत्रे चालेल.

घरी परित्राण पाठ ठेवायचा असेल तर वंदनीय भन्तेजी आणि घरची दोन-तीन माणसे आत बसावीत. बाकीच्यांनी बाहेर ओट्यावर किंवा विहारात बसावे. पाठाचा आवाज दारातूनही आत जातो.

बोलण्यालाही पथ्य आहे. "आमच्या मावशीला हेच झाले होते, ती काही टिकली नाही" असे सांगायला कुणी जाऊ नये. कुठल्या बाबाची पुडी, कुठला अंगारा घेऊन तर मुळीच जाऊ नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आजारपणाच्या भीतीने या गोष्टी मागच्या दाराने येतात.

मग न्यायचे काय? कष्ट. पाण्याचे दोन हंडे भरून द्या. रेशनच्या रांगेत उभे राहा. रुग्णालयात केसपेपर काढायला पहाटे जा. संध्याकाळी मुलांचा अभ्यास आपल्या घरी घ्या. महिला मंडळाने वहीत सात वार लिहून प्रत्येक वारापुढे एका घराचे नाव टाकावे : सोमवारी डबा कुणाचा, मंगळवारी रुग्णालयात सोबत कोण जाणार. सात घरांनी एकेक दिवस घेतला तर कुणावरच ओझे पडत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत

"रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा" हे आपल्याला सांगून उपयोग नाही. एकाच खोलीत करता येईल ते सांगते.

आजाऱ्याची जागा खिडकीजवळ किंवा दाराजवळ करा, हवा खेळती राहील. थंडी वाजते तर अंगावर गोधडी वाढवा, खिडकी बंद करू नका. निदान थोडी फट उघडी असू द्या. घरात दुसऱ्या कुणाला खोकला असेल तर त्याने रुग्णापासून लांबच्या कोपऱ्यात, पाय रुग्णाकडे करून झोपावे आणि घरात मास्क लावावा. खोकताना तोंडावर रुमाल किंवा हाताचा कोपर धरावा. टॉवेल आणि रुमाल प्रत्येकाचा वेगळा ठेवावा.

खोलीत धूर नको. मच्छर कॉइल, अगरबत्ती, विडी, पाणी तापवायला पेटवलेले लाकूड-प्लास्टिक, सगळे छातीला घातक. कॉइलऐवजी मच्छरदाणी बांधा. वंदनेला मेणबत्ती पुरे. बाळ-बाळंतिणीला धुरी देऊ नका. आणि दार बंद करून शेगडी पेटवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

औषधांचे सांगते. सर्दी विषाणूने होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मेडिकलमधून "सर्दीची पुडी" आणून गंभीर रुग्णाला देऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि काही वेदनाशामकांनी मूत्रपिंड बिघडते. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून सांगितलेले असते. त्याला प्रेमाने चार पेले काढा पाजला तर ते पाणी अंगात साठून दम लागतो. मधुमेह असलेल्याची साखर तापात वाढते. जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लहान मुलाला उकळत्या भांड्यावर वाफ देऊ नका, त्यात मुले भाजतात.

सकाळची वाट पाहू नका

ही यादी कापून दाराच्या मागे चिकटवा.

• केमोथेरपी चालू असलेल्याला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप : त्याच रात्री रुग्णालय. आधी तापमान मोजा. ताप उतरवायची गोळी देऊन घरी बसू नका.
• मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, ऑक्सिजन ९४ पेक्षा कमी, ओठ निळसर, छातीत दुखणे.
• म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले, खाणे सोडले, सारखे झोपून राहिले. वयस्करांना न्यूमोनियात ताप येईलच असे नाही.
• दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त. बाळ शांत असताना पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट मोजा.
• श्वास घेताना बाळाच्या छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध न पिणे, झटका येणे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. वाशी, नेरुळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालये आहेत. आपल्या घरापासून रात्री कुठे जायचे ते आजच ठरवा. जुने कागद, औषधांची यादी, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवा.

खोकला दोन आठवडे राहिला तर

तो हवापालटाचा म्हणून सोडू नका. बेडका तपासा. वजन घटणे, संध्याकाळी ताप, रात्री घाम ही टीबीची लक्षणे आहेत. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. म्हणून रुग्णाचे ताट वेगळे काढू नका. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. आपल्याच घरात आपल्याच माणसाला ते दाखवू नये. खिडकी उघडी ठेवा, सुरुवातीचे आठवडे मास्क लावा, औषध एक दिवसही चुकवू नका. घरातल्या बाकीच्यांनी तपासणी करून प्रतिबंधक औषधाची चौकशी करावी.

अन्नाचे महत्त्व झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांतले टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. सरकारकडून पोषणासाठी रुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ते खात्यात येतात का पाहा. टीबी हेल्पलाइन १८००-११-६६६६.

लस

बाबासाहेब आणि रमाई यांची चार मुले लहानपणीच गेली. आज न्यूमोनियापासून जपणारी पीसीव्ही लस आपल्या बाळांना सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. कार्ड काढून बघा, एखादा डोस राहिला असेल तर नागरी आरोग्य केंद्रात जा. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते. गंभीर रुग्ण, गरोदर बाई आणि रुग्णाला सांभाळणारे माणूस यांनी तिच्याविषयी डॉक्टरांना आणि केंद्रात विचारावे.

सहा डिसेंबरला

केमोथेरपी चालू असलेल्यांनी, डायलिसिसवरच्या रुग्णांनी आणि तान्ह्या बाळांच्या आयांनी यंदा दादरची गर्दी टाळली तर बाबासाहेबांविषयीची निष्ठा कमी होत नाही. आपल्या विहारात अभिवादन करा. बरे वाटत असेल तर गर्दी नसलेल्या दिवशी ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात जाऊन या. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. मधुमेह असलेल्या अनुयायांनी जाताना औषध, खाऊ, पाणी आणि पायात मऊ बंद चप्पल विसरू नये. रांगेत मास्क लावा. परत आल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच घरच्या आजाऱ्याजवळ बसा.

सांभाळणारीला कोण सांभाळते?

आजाऱ्याचे करणारी बहुधा एक बाई असते. दिवसा चार घरची धुणीभांडी, रात्री रुग्णाचे उठबस. तिलाही ताप येतो, पण ती सांगत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिची जागा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी, घरातल्या पुरुषांनी आधी. मन फार खचले तर टेलिमानस १४४१६ वर मोफत बोलता येते. पैशाच्या चिंतेत उपचार थांबवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, कर्करोग आणि डायलिसिसही त्यात आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा. आपल्या वस्तीत गंभीर आजारी कोण कोण आहे, त्यांची नावे काढा आणि प्रत्येक नावापुढे सात घरे लिहा. कामाला तिथूनच सुरुवात होईल.