वाऱ्याशी वाटाघाटी

झोपमोड झाली म्हणून जगबुडी आणणारा देव पाहायचा असेल, तर सुमेरच्या एन्लिलला भेटा. हा वाऱ्याचा अधिपती. दक्षिण इराकमधलं निप्पूर त्याचं गाव आणि एकूर त्याचं देऊळ. ‘अत्रहासिस’ काव्यात माणसं वाढतात, त्यांचा कलकलाट वाढतो आणि एन्लिलचा डोळा लागेनासा होतो. मग आधी रोगराई, नंतर दुष्काळ, तेवढ्याने भागेना तेव्हा महापूर! वारा म्हणजे श्वास आणि श्वास म्हणजे शांती, असं आज ध्यानाच्या वर्गांत सर्रास सांगतात. एन्लिलसमोर सांगून बघा.

माणसंही काही कमी नव्हती. एरिदूचा अदापा मासे धरायला गेला आणि दक्षिणवाऱ्याने त्याची होडी उलटवली. त्याने असा शाप हाणला की वाऱ्याचा पंखच मोडला. (हो, वाऱ्याला पंख होते.) सात दिवस झुळूकही नाही! या गोष्टीची एक मातीची पाटी इजिप्तमध्ये अमर्नाला सापडली. तिच्यावर शब्द सुटे करून दाखवणारे लाल ठिपके आहेत. परकी भाषा गिरवणाऱ्या कुणा इजिप्ती लेखनिकाचा तो बहुधा गृहपाठ असावा.

बॅबिलोनच्या मार्दुक देवाला तर आजोबा अनूने चार वारे खेळायलाच दिले होते. पुढे त्याने समुद्ररूपी तियामतच्या तोंडात वादळ घुसवलं, तिचा जबडा मिटेना, मग बाण सोडला. गिल्गमेश राजाच्या मदतीला सूर्यदेव शमशने अरण्याचा राखणदार राक्षस हुंबाबावर १३ वारे सोडले, तेही याच घराण्यातले.

पण या सगळ्यांत माझा लाडका पाझूझू. कुत्र्यासारखं तोंड, पंख, पक्ष्याचे पंजे, विंचवाची नांगी. वाऱ्यावर फिरणाऱ्या दुष्ट भुतांचा हा राजा. तरीही बाळंतिणी त्याचं मुंडकं ताईत म्हणून वापरत! कारण गर्भारणी आणि तान्ह्या बाळांच्या जिवावर उठलेली लमाश्तू फक्त त्यालाच घाबरे. काट्याने काटा काढायचा, सरळ हिशेब. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली त्याची कांस्यमूर्ती जेमतेम १५ सेंटिमीटरची आहे, डोक्यावर अडकवायला कडी आणि पाठीवर त्याची स्वतःची ओळख कोरलेली.

हॉलिवूडने मात्र त्याचं वाटोळं केलं. १९७३च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ची सुरुवात इराकमधल्या उत्खननात होते, तिथे पाझूझूचा पुतळा उभा असतो आणि पुढे एक लहान मुलगी झपाटली जाते. मुलांच्या राखणदारावरच हा आळ!

लिलिथचं नशीब उलट्या दिशेने फिरलं. तिचं मूळ अभ्यासक मेसोपोटेमियातल्या लिलीतू या वाऱ्यावरच्या हडळीपर्यंत नेतात. पुढे ज्यू लोककथांत ती आदमची हुकूम न मानणारी पहिली बायको झाली आणि बाळंतघरात तिच्याविरुद्ध ताईत टांगले जाऊ लागले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ज्यू स्त्रीवाद्यांनी आपल्या मासिकाला तिचंच नाव दिलं, आणि १९९७ मध्ये सारा मॅक्लॉक्लनने बायकांच्या गाण्यांचा फिरता महोत्सव काढला, त्यालाही ‘लिलिथ फेअर’.